राजदूताचा जीर्णोद्धार

वऱ्हाडातील खेड्यांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कापसाचे भाव, संत्र्यांच्या बागा, धरणे आणि निवडणुका यांची नोंद घ्यावी लागेलच. पण आमच्या मते एका आवाजाचीही नोंद घ्यावी लागेल. तो आवाज फटफटीचा. मोटारसायकल हा शब्द कागदोपत्री होता, बोलण्यात फटफटीच होती. गावाच्या वेशीपाशी ती वाजली की घरात बसलेल्या म्हाताऱ्यांना कोण आले हे न पाहता कळे. दूध नेणारा आला, गुरांचा डॉक्टर आला, मिशनचे फादर आले. एकेका यंत्राची बोलण्याची ढब निराळी आणि ती ढब त्या त्या माणसाच्या नावाशी कायमची जोडलेली.

या आवाजांपैकी वऱ्हाडाने ज्याला सर्वांत अधिक आपलेसे केले तो राजदूतचा. आज हीच राजदूत गोठ्याच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीमागे किंवा जुन्या वाड्याच्या ढाळजेत चाके बसलेल्या स्थितीत आढळते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालविलेली आणि नातवाने लहानपणी टाकीवर बसून ज्याच्यावरून शेत पाहिले असे हे वाहन आता नातवालाच घरच्या अंगणात पुन्हा उभे करावेसे वाटू लागले आहे. असे प्रयत्न आम्ही मोर्शीच्या परिसरात आणि अन्यत्रही पाहिले आहेत. ते पाहताना एक प्रश्न मनात येत राहिला: जुने यंत्र दुरुस्त करताना नेमके काय परत मिळवावयाचे असते? त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी हे यंत्र येथवर कसे पोहोचले हे पाहिले पाहिजे.

मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि सालबर्डी, पूर्वेस वर्धा नदी, तिच्यावर सिंभोरा येथे बांधलेले अप्पर वर्धा धरण, आणि मोर्शीपासून वरुडपर्यंत पसरलेला संत्र्याचा पट्टा. अमरावती-नरखेड लोहमार्ग या शतकात झाला. त्यापूर्वी मोर्शीला रेल्वे नव्हती. एस.टी. होती, दमणी होती, सायकल होती. पण शेत गावापासून दूर, नातेवाईक चार गावे पलीकडे आणि पावसाळ्यात काळी माती अशी की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट शिरण्याइतकीही जागा राहू नये. अशा मुलखात जे वाहन अडले असता काडीने माती उकरून पुढे नेता येईल, आणि जे बिघडले असता झाडाखाली बसून दोन पान्यांनी उघडता येईल, त्याचीच निवड होणार हे उघड आहे.

आपल्या देशात मोटारसायकली स्वातंत्र्यापूर्वीही होत्या. पण त्या साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि फौजेच्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांसाठी बीएसए कंपनीची एम-२० ही ५०० सी.सी.ची गाडी लाखाहून अधिक संख्येने तयार झाली. युद्ध संपल्यावर लष्कराला नकोशा झालेल्या अशा गाड्या लिलावात निघाल्या आणि ‘डिस्पोजलची गाडी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्या वापरणाऱ्यांना सुटे भाग मिळत नसत. तेव्हा फिटर मंडळींनी स्वतःच लेथवर भाग पाडावयास आरंभ केला. आपल्याकडील दुरुस्तीच्या कारागिरीचा पाया या टंचाईतच घातला गेला असे आम्हांस वाटते.

दुरुस्तीच्या दुकानाला आपण फार हलके लेखतो. महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास मात्र अशाच एका दुकानातून सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह १८८८ साली बेळगावात थाटले ते सायकलींचे दुकान. नांगर आणि किर्लोस्करवाडी या नंतरच्या गोष्टी. वऱ्हाडाला लागूनच असलेल्या वर्ध्याचे नावही दुचाकीच्या इतिहासात आहे. जमनालाल बजाज ज्यांच्या घराण्यात दत्तक गेले त्या शेठ बच्छराज यांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या आणि तीनचाक्या आयात करून विकू लागली, आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. म्हणजे हमरस्त्यावर धावणाऱ्या असंख्य स्कूटरींच्या मुळाशी वर्ध्याच्या एका पेढीचे नाव आहे. असो.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची ओढ लागली आणि तयार गाड्या आणण्यावर सरकारने निर्बंध घातले. परदेशी आराखडा घ्यावयाचा, पण गाडी येथे बनवावयाची, असा मार्ग निघाला. मद्रासजवळ तिरुवोत्तियुर येथे १९५५ पासून एनफिल्डची बुलेट जुळविली जाऊ लागली. लष्कराने सीमेवरील गस्तीसाठी तिची मागणी नोंदविली होती. मुंबईत जावा गाड्यांची आयात करणाऱ्या इराणी कुटुंबातील रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

जावा या नावाचा इंडोनेशियातील बेटाशी संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार केले. पुढे जर्मनांनी तो देश व्यापला असता तेथील कामगारांनी व अभियंत्यांनी युद्धोत्तर काळासाठी एका नव्या गाडीची आखणी अधिकाऱ्यांच्या नजरा चुकवून चालविली होती. ती १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात जगासमोर आली. म्हैसूरला आलेली जावा हिच्याच वंशातली. तिचा गिअरचा दांडा फिरवून वर उभा केला की त्याचीच किक होते, ही युक्ती पाहून अजूनही मुले थक्क होतात. पुढे म्हैसूरच्या गाडीचे नाव येझदी झाले ते इराणातील यझ्द या नगरावरून. त्या नगराशी पारशी आणि इराणी कुटुंबांचे नाते किती जुने आहे हे सांगावयास नको.

राजदूतची कथा याहून साधी आहे, पण आमच्या वाचकांना तिचे अगत्य अधिक वाटावे. एस्कॉर्ट्स ही कंपनी १९४४ साली लाहोरला नंदा बंधूंनी स्थापन केली आणि फाळणीनंतर ती दिल्लीकडे आली. तिने मोटारसायकलीसाठी पोलंडशी करार केला. पोलंडमध्ये किल्त्से नावाचे शहर आहे. पुढे पोप झालेले जॉन पॉल दुसरे, म्हणजे त्या वेळचे कॅरोल वॉयतिला, १९५८ पासून ज्या क्रॅकोचे साहाय्यक बिशप होते त्या क्रॅकोच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर. तेथील एका लोखंड कारखान्यात १९३८ साली एसएचएल या नावाची पहिली छोटी मोटारसायकल तयार झाली. त्याच वंशातील एम-११ ही १७५ सी.सी.ची गाडी १९६१ मध्ये तेथे बाहेर पडली आणि लगेच पुढल्या वर्षी, १९६२ पासून, तिचे भारतीय रूप राजदूत या नावाने निघू लागले. पूर्व युरोपातील देशांशी व्यापार रुपयांत करता येई, डॉलर किंवा पौंड मोजावे लागत नसत. ट्रॅक्टरसाठीही याच कंपनीने पोलंडच्या उर्सुसचा हात धरला होता. अशा रीतीने एका कॅथोलिक देशातील कामगारांनी आखलेले यंत्र, समाजवादी राजवटीच्या व्यापारी वाटेने, वऱ्हाडातील दूधवाल्याच्या दारात येऊन उभे राहिले. पोलंडमध्ये एम-११ चे उत्पादन त्याच दशकात आटोपले. आपल्याकडे राजदूत २००५ पर्यंत तयार होत होती! मूळ देशाने विसरलेला आराखडा दुसऱ्या देशाने चार दशकांहून अधिक काळ जपावा याचे नवल वाटते.

तिला एवढे आयुष्य का लाभले? तिच्या इंजिनाची रचना पाहिली की हे कळते. राजदूतचे इंजिन दोन धावांचे. चार धावांच्या इंजिनात हवा आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे यांसाठी झडपा, त्या उघडण्यासाठी कॅम आणि त्यांना फिरविण्यासाठी साखळी किंवा दातेरी चक्रे लागतात. दोन धावांच्या इंजिनात यांपैकी काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीत ठेवलेल्या खिडक्या पिस्टनच वरखाली जाताना उघडतो आणि मिटतो. मुख्य हलणारे भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे, लिटरमागे साधारण ४० ते ५० मिलिलिटर. तेच तेल आतील भागांना वंगण पुरविते आणि शेवटी निळसर धूर होऊन बाहेर पडते. गिअर तीन. वीज सहा व्होल्टची. जुन्या राजदूतच्या पुढच्या चाकाला आजच्यासारख्या एकात एक सरकणाऱ्या नळ्या नव्हत्या. चाक एका झोके घेणाऱ्या दांड्यावर बसविलेले असे. गाडी वेगवान नव्हती, आणि दिसावयास देखणीही नव्हती असे आमचे प्रामाणिक मत आहे, मग चित्रपटातील नटांनी तिची कितीही जाहिरात केलेली असो. पण दोन बाजूंना दुधाचे दोन भरलेले कॅन, मागे सरकीच्या ढेपेचे पोते आणि त्यावर एखादा पाहुणा एवढे ओझे ती कुरकुर न करता नेत असे.

मिशनच्या कामात वाहनाला किती मोल होते हे नव्या पिढीला सांगितल्याविना कळणार नाही. जर्मनीतील ऑब्लेट धर्मगुरू फादर पाउल शुल्टे यांचे एक मित्र आफ्रिकेतील मिशनमध्ये आजारी पडले आणि वेळेवर वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचविण्यास वाहन नसल्यामुळे १९२५ साली दगावले. त्या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ मध्ये मिवा ही संस्था स्थापन केली. मिशनांना मोटारी, मोटारसायकली, नावा, इतकेच काय विमानेही पुरविणे हे तिचे कार्य. पुढे ऑस्ट्रियातील मिवाने, वाहन चालविणाऱ्याने अपघाताविना कापलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे अगदी अल्पशी रक्कम बाजूला टाकावी, अशी प्रथा पाडली. आमच्याकडे अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्याच्या आरंभीच्या दशकांत बैलगाडी, सायकल आणि फटफटी हीच दूरच्या गावांना जाण्याची साधने होती. शेवटच्या संस्कारासाठी रात्री बोलावणे आले की धर्मगुरूच्या आधी किक मारणाऱ्याची कसोटी लागे.

हे युग ओसरले ते हळूहळू. १९८५ साली हिरो होंडाची चार धावांची सीडी-१०० बाजारात आली आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर हा हिशेब घरोघरी सुरू झाला. त्याच सुमारास एस्कॉर्ट्सनेच यामाहाच्या साहाय्याने आणलेली आरएक्स-१०० तरुणांना आवडू लागली. अहमदनगरची लुना तर १९७२ पासूनच शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या दारी होती. १९९१ मध्ये वाहनांच्या धुरावर पहिली बंधने आली. १९९६ आणि २००० मध्ये ती कडक झाली. तेल जाळणाऱ्या इंजिनाला त्यांत टिकणे कठीण होते. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, राजदूत २००५ साली. राजदूत वाईट होती म्हणून गेली असे नव्हे, आणि धुरावरील बंधने अन्यायाची होती असेही आम्ही म्हणणार नाही. शाळेच्या फाटकापाशी निळ्या धुरात उभी राहणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या बंधनांचे कारण समजते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जीर्णोद्धार हा शब्द आपण चर्च, वाडे आणि देवळे यांच्यासाठी वापरतो. त्या क्षेत्रात एक जुना वाद आहे. पडलेली भिंत नव्या चुन्याने इतकी हुबेहूब बांधावी काय की जुनी कोणती आणि नवी कोणती हे ओळखूच येऊ नये? १९६४ साली व्हेनिस येथे जमलेल्या तज्ज्ञांनी जी सनद तयार केली तिने याला नकार दिला. वास्तूच्या अंगावर वेगवेगळ्या काळांनी जे ठसे उमटविले त्या सर्वांचा मान राखावा आणि नवीन भर कोठे घातली आहे हे कळू द्यावे, असे तिचे सांगणे होते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, याच विचाराला अनुसरून २०१२ साली टुरिनची सनद स्वीकारली. जतन, संवर्धन आणि पुनःस्थापन यांत तिने भेद केला आहे आणि जेथे कमी हस्तक्षेपाने भागते तेथे अधिक करू नये असा तिचा रोख आहे.

आमच्या पाहण्यातील बहुतेक जीर्णोद्धार याच्या उलट दिशेने जातात. गाडी पूर्ण उकलतात, सारे भाग घासून उघडे करतात, कारखान्यात कधी नव्हता इतका झगझगीत रंग चढवितात आणि छायाचित्र काढतात. गाडी सुंदर दिसते यात शंका नाही. पण आजोबांच्या गुडघ्यांनी टाकीच्या दोन्ही अंगांना झिजलेला रंग गेला. पाटीवर पेंटरने हाताने काढलेली अक्षरे गेली, आणि आता फलक संगणकावर छापून निघत असल्यामुळे तशी अक्षरे काढणारा पेंटरही तालुक्यात सापडेनासा झाला आहे. रंग पुन्हा कितीही वेळा देता येतो. मूळ रंग मात्र एकदाच मिळतो. म्हणून आमचे मत असे की यंत्र आतून निःशंकपणे नवे करावे, कारण झिजलेला पिस्टन ही काही स्मृती नव्हे, आणि ब्रेकच्या बाबतीत तर भावनेला स्थानच नाही. बाहेरून मात्र हात राखून काम करावे.

मोर्शीत आमच्या परिचयाच्या एका वृद्ध फिटरचा पहिला नियम मोठा मार्मिक आहे. अंगणात गाडी आणली की मुले आधी बादली आणि साबण घेऊन धावतात. तो म्हणतो, “आधी तिले धुवू नोका, कुठून गळते थे पाहा.” वर्षानुवर्षे साचलेला तेलकट चिखल हा गाडीचा रोगवृत्तान्त असतो. कोठे ओला, कोठे कोरडा, कोठे काळा, यावरून कोणते सील गेले, कोणते पॅकिंग फुटले हे इंजिन न उघडता समजते. चिखल धुतला की पुरावा गेला.

त्यानंतरचे काम संयमाचे आहे. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीला एकदम किक मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि इंजिन एक-दोन दिवसांनी हाताने हलते का ते पाहावे. गंजलेली रिंग जबरदस्तीने फिरविली तर सिलिंडरला ओरखडे पडतात. बोअर झिजलेला असेल तर तो लेथवाल्याकडून वाढवून मोठा पिस्टन बसवावा लागतो. हे माप साधारण पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढते आणि पायऱ्या संपल्या की नवे लायनर घालणे एवढाच उपाय राहतो. म्हणून पहिल्या पायरीवर भागत असताना तिसरीवर उडी घेणाऱ्या कारागिराला काम देऊ नये. दोन धावांच्या इंजिनात क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते, आणि उभ्या गाडीतील रबरी सील कडक होऊन चिरतात. पुष्कळदा कार्ब्युरेटर आठ वेळा उघडूनही गाडी धरत नाही, आणि दोष या दोन लहान सीलांत निघतो. पॉइंटमधील अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावयाचे असते. मापाची पट्टी जवळ नसेल तर दाढीच्या पात्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते हे ध्यानात ठेवावे. चार पाती एकावर एक ठेवली की माप तयार.

टाकीच्या आतील गंज हा सर्वांत चिकट शत्रू. खडे आणि साखळ्या घालून टाकी हलविण्याची जुनी रीत आहे, पण तीत पातळ पत्रा भोके पडून निकामी होतो. त्यापेक्षा लिंबूसत्वाचे कोमट पाणी भरून टाकी एक दिवस ठेवावी, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, ताबडतोब पूर्ण सुकवावी आणि आत तेलाचा हात फिरवावा. संत्र्याच्या मुलखात हे लिंबूवर्गीय औषध लागू पडावे हे योग्यच म्हणावयाचे! सायलेन्सरमधील कार्बन काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना लागता कामा नये, ते खाल्ले जातात. आणि एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण आत वाफ उरलेली असते. ती धुतल्याविना झाळणीला नेऊ नये, आणि घरच्या घरी तर मुळीच झाळू नये. अशा टाक्या फुटून माणसे गेली आहेत.

चकाकणाऱ्या भागांच्या मुलाम्यासाठी गाडीमालक मोठ्या शहराकडे धाव घेतात. तांबे, त्यावर निकेल आणि त्यावर क्रोमियमचा पातळ थर, असे ते काम. त्या द्रावणातील क्रोमियम फार विषारी असते आणि हातमोज्यांविना त्यात हात घालणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. मूळ मुलामा ठीक असेल तर तेलाच्या फडक्याने पुसून तो तसाच ठेवावा. नव्या पेट्रोलचाही विचार करणे भाग आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रतीचे रबर त्यात फुगते. त्यामुळे नळ्या आणि कॉकचे वॉशर नव्या प्रतीचे घालावेत, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

कायद्याची बाजू पुष्कळजण शेवटी पाहतात. ती सर्वांत आधी पाहिली पाहिजे. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आजोबांच्या नावावरची गाडी त्यांच्या पश्चात कोणी नावावर करून घेतलीच नाही, असे घराघरात आढळते. चासीवर कोरलेला क्रमांक आणि पुस्तकातील क्रमांक जुळतो का हे गंज घासण्यापूर्वी पाहावे, कारण जोराने घासताना तोच क्रमांक पुसला जाण्याचा धोका असतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, पुरातन वाहनांची फेरी, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या कामासाठी नाही. म्हणजे टुरिनच्या सनदेतील मूळ स्वरूपाचा आग्रह आपल्या कायद्यातही आला आहे, आणि ज्यांनी हौसेने इंजिन बदलून टाकले त्यांना तो दाराशी अडवितो. संत्री विकून बाजारातून परतण्यासाठी ज्याला आजोबांची राजदूत हवी आहे त्याने ही नोंदणी न घेता साधे नूतनीकरणच करावे.

या सगळ्याचा एक व्यवहारी पैलू आहे आणि तो आम्हांस बोचतो. जावाचे नाव २०१८ साली नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणल्यावर जुन्या गाड्यांना शहरांतून मागणी वाढली. खेड्यात फिरणारे खरेदीदार भंगाराच्या भावाने गाडी उचलतात आणि ती शहरात अनेकपटींनी विकली जाते. शेतकरी कुटुंबाला रोकड हवी असते, अंगण मोकळे हवे असते. त्याला दोष कोणी द्यावा? पण विकण्यापूर्वी निदान किंमत माहीत असावी. भंगारात गेलेल्या धातूचीही किंमत करणारे असतात. विक्रांत ही आपली विमानवाहू नौका २०१४ मध्ये मुंबईत मोडीत निघाली तेव्हा तिचे काही लोखंड बजाजने विकत घेतले आणि २०१६ मध्ये त्याचा अंश टाकीत घालून एक मोटारसायकल काढली. लोकांनी ती त्या लोखंडासाठी घेतली.

जुने यंत्र चालते ठेवण्याची कला वऱ्हाडाला नवी नाही. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले होते; १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ते येथे राबले. सत्तर वर्षे ते चालले ते त्याला चालविणाऱ्या आणि त्याचे भाग येथेच घडविणाऱ्या माणसांमुळे. राजदूतच्या बाबतीतही खरी चणचण सुट्या भागांची नाही. पिस्टन, रिंगा, केबली अजून मिळतात. मिळत नाही तो दाबून बसविलेला क्रँक उकलून, नवा रॉड घालून, दोन्ही चकत्या पुन्हा एका रेषेत आणणारा हात. ते काम डोळा, हातोडी आणि ठोक्याचा आवाज यांवर चालते. आमच्या तालुक्यात ते करणारे आम्हांस दोघे ठाऊक आहेत आणि दोघांचीही सत्तरी उलटली आहे. त्यांची मुले इतर व्यवसायांत आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील दोन भावांनी आजोबांची राजदूत अंगणात उकलली. धाकटा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने क्रँकच्या कामाची प्रत्येक पायरी त्या म्हाताऱ्या फिटरपाशी बसून वहीत उतरवून घेतली, मापे लिहिली, आकृत्या काढल्या. हातोडीचा ठोका कोठे आणि किती जोराने द्यावयाचा हे मात्र लिहिता येईना, तेव्हा तो चार रविवार दुपारी पुन्हा पुन्हा जाऊन ते करून शिकला. टाकीच्या डाव्या अंगाला एक खोलगट पोचा आहे. आजी सांगते की वरुडच्या रस्त्यावर बैल अंगावर आला तेव्हाचा तो. रंगाऱ्याने पुट्टी भरून तो सपाट करण्याची तयारी केली होती. भावांनी त्याला थांबविले, आणि टाकी आहे त्या रंगातच गाडीवर चढविली.